पूर्व विभागात एकटं इंदिरानगर

लग्न होऊन मी कोल्हापुरातून बंगळुरात आले, ती जयनगरच्या एका कापडदुकानदाराच्या घरात. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. मराठी मंडळाचे ते सचिव. नव्वदीच्या सुमारास पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं इंदिरानगरात राहायला आली होती. त्यांना मंडळात ओढावं म्हणून अण्णांनी फुटबॉल स्पर्धा काढली. फुटबॉल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. माझं माहेर मात्र पेठेपेठेत संघ असलेल्या गावातलं, त्यामुळे रोज जेवताना ते मला काही ना काही विचारत.

संघ आले तीन: आमचं जयनगर, ती इंदिरानगरची मुलं आणि शहराच्या पश्चिमेच्या पीण्या भागातल्या कारखान्यांत काम करणारे मराठी लोक. तिघांनी एकमेकांशी खेळावं, विषय संपला, असं मी म्हटलं. पण आशिया खंडाची फुटबॉल संघटना पूर्व आणि पश्चिम असे विभाग पाडते, असं अण्णांनी पेपरात वाचलं होतं. खंड मोठा, प्रवास लांबचा, म्हणून. ते त्यांना फार पटलं. पीण्याहून इंदिरानगरला जायला बस किती बदलाव्या लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बंगळूरचेही विभाग पाडले. पश्चिमेला पीण्या आणि जयनगर. पूर्वेला एकटं इंदिरानगर, म्हणून ते न खेळताच अंतिम फेरीत.

पीण्याचे लोक भांडायला दुकानात आले. अण्णांनी त्यांना कॉफी पाजली आणि सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. ते मुकाट्याने गेले. मी आतून ऐकत होते, पदर तोंडात धरून.

सामने एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या, असे ठरले. दोन्ही सामने मिळून गोलांची बरोबरी झाली तर युरोपात परक्या मैदानावरचे गोल जास्त धरतात, हे मी सांगितल्यावर अण्णा पोळीचा घास हातात धरून थांबले.

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "परक्या बाजारात विकलेला माल तो खरा माल. सरी, ठीक आहे, हा नियम घालू."

पीण्याच्या खडीच्या मैदानावर आमच्या पोरांचे गुडघे सोलवटले, पण जयनगर जिंकलं. अंतिम फेरीचा पहिला सामनाही आम्ही घरच्या मैदानावर दोन-एक असा जिंकला. गोलकीपर माझे यजमान. त्या रात्री सासूबाईंनी होळीग्या, म्हणजे इथल्या पुरणपोळ्या, केल्या.

दुसरा सामना इंदिरानगरात. नियम समजणारी मी एकटीच, म्हणून अण्णांनी मला स्वतःशेजारी बसवलं होतं. इंदिरानगरने एकच गोल केला, तो यजमानांच्या दोन्ही पायांमधून. शिट्टी वाजली. एकूण दोन-दोन. पेनल्टी होणार असं धरून यजमान हातमोजे घट्ट करत गोलमध्ये जाऊन उभे राहिले. सगळे अण्णांकडे पाहत होते आणि अण्णा माझ्याकडे.

जयनगरात इंदिरानगरने एक गोल केला होता. इथे आम्ही एकही नाही. मी हळूच म्हटलं, "अण्णा, आपण हरलो."

"बरोबरी आहे ना?"

"परक्या बाजारातला माल त्यांचा आहे."

मला वाटलं, आता पुन्हा सूर्य निघणार. पण अण्णा उठले, मैदानात गेले आणि कप इंदिरानगरच्या कप्तानाच्या हातात दिला. आपण जिंकलो का, असं त्या मुलाने त्यांनाच विचारलं. अण्णांनी सगळा नियम नीट समजावून सांगितला, एखाद्या गिऱ्हाइकाला कापडाचा पोत सांगावा तसा. पीण्याच्या लोकांनी सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवल्या.

यजमानांना हे कुणी सांगितलंच नाही. बराच वेळ ते गोलमध्ये वाकून उभे होते.

घरी येताना रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, "नियम चांगला आहे गं. स्वल्प घाई झाली."