गाडीला वर्षात एकच वस्तू

आमच्या दुधगावात भरतेश मगदूमने नियम घेतला की लोक तो कधी मोडतो याची वाट बघतात. एका चातुर्मासात त्याने बटाटा सोडला आणि पेठ नाक्यावर वडा खाताना सापडला. पुढच्या चातुर्मासात चहा सोडला, तर दुकानामागे उभा राहून पिऊ लागला. उभ्याने घेतलेला चहा धरायचा नसतो, असं त्याने मला समजावून सांगितलं. मी त्याचा शेजारी, आणि त्याच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात भागीदार. त्याच्या मोडलेल्या नियमांना मी बहुतेक वेळा साक्षीला असतो.

तसा माणूस साधा. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, राजकारणात तर आपल्या वॉर्डात कोण निवडून आलंय हेसुद्धा तो दुसऱ्याला विचारतो. खोड एकच, ती म्हणजे जुनी, आठशे सीसीची छोटी गाडी. वजन कमी व्हावं म्हणून त्याने तिची मागची सीट काढली, त्या दिवसापासून पद्मावती वहिनी त्या गाडीत बसल्या नाहीत. वहिनी म्हणजे त्याची बायको. ज्या गाडीत आईला बसवता येत नाही, ती गाडी नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

ही गाडी तो दर जानेवारीत इस्लामपूरबाहेरच्या माळावर पळवतो. तिथे एका बिल्डरने प्लॉट पाडले, आत डांबरी रस्ते केले, जागोजाग पाट्या ठोकल्या, आणि प्लॉट काही खपले नाहीत. मग आसपासच्या हौशी लोकांनी त्याला रीतसर विचारून तिथे गाड्या पळवायला सुरुवात केली. घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. 'नियोजित बगीचा' या पाटीपाशी डावं वळण, 'नियोजित जलतरण तलाव' इथे उजवं, आणि 'नियोजित मंगल कार्यालया'पासून लांबलचक सरळ रस्ता. भरतेश दरवर्षी पहिल्याच वळणावर डांबर सोडून नियोजित बगीच्यात जायचा. बगीच्यात सध्या बाभळी आहेत.

दरवर्षी जिंकायचा तो वडूजचा वीरधवल. फौजेत गाड्या चालवून परत आलेला, दिलदार गडी. भरतेशची गाडी बाभळीतून ओढून काढायला दोर घेऊन सगळ्यांत आधी तोच यायचा.

गेल्या चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी महाराज मुक्कामी होते. एका सकाळी प्रवचनात परिग्रहाचा विषय निघाला. माणसाने आपल्या वस्तूंना मर्यादा घालून घ्यावी, असं सांगून महाराजांनी एकेकाला पुढे बोलावलं. कुणी साड्यांची मर्यादा सांगितली, कुणी चपलांची. भरतेशची पाळी आली तेव्हा बायकांच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही, नुसतं बघितलं. एवढ्यावर हा म्हणाला, "गाडीला वर्षात एकच नवी वस्तू." माईक चालू होता. गावाने ऐकलं.

वहिनींनी त्याच दुपारी माझ्या बायकोला सांगितलं, की हा नियम टिकला तर मी इस्लामपूरला जाऊन शर्यत बघीन. त्यांना शर्यतीचं काही नव्हतं. पण या माणसाचा शब्द एकदा तरी उभा राहिलेला त्यांना बघायचा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी कॉलेजात गेली, तरी तो योग आलेला नव्हता.

आता प्रश्न असा, की एकच वस्तू घ्यायची तर कुठली? मी इंजिनाच्या बाजूचा. मोठं इंजिन आणावं, सरळ रस्त्यावर वीरधवलला धूळ चारावी, विषय संपला. सगळं गाव माझ्या बाजूचं होतं, कारण इंजिनाचा आवाज होतो आणि आवाज वेशीपर्यंत ऐकू येतो. शॉकअप आणि स्प्रिंगा बदलल्या तर गाडी वळणावर डांबर सोडत नाही, पण ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यासाठी कोण भांडणार?

भरतेशने दोन आठवडे विचार केला. दुकानात गिऱ्हाईक नळी मागायचं आणि हा कोपराचा जोड द्यायचा. शेवटी एकदा मला म्हणाला, "मोठं इंजिन घातलं तर वळनावर लौकर पोचंन. पर पोचून तितं करायचं काय, त्येच मला येत न्हाई." मी चिडलो.

मग निराळाच फाटा फुटला. शॉकअप चार, स्प्रिंगा चार. या आठ वस्तू की एक? इंजिन ही सरळसरळ एक वस्तू, त्याबद्दल वाद नव्हता. पारावर दोन तट पडले. आमचे धरणेंद्र काका, ज्यांनी आयुष्यात बैलगाडीखेरीज काही हाकलेलं नाही, ते आठ वस्तूंवर ठाम होते. शेवटी सगळे बस्तीच्या उपाध्यांकडे गेले. उपाध्ये पूजेची भांडी पुसत होते. त्यांनी विचारलं, "खाटंला पाय किती?" चार, असं सगळ्यांनी सांगितलं. "मग घरात खाट आली म्हंत्यात का चार पाय आले म्हंत्यात?" धरणेंद्र काका घरी गेले ते दोन दिवस पाराकडे फिरकले नाहीत.

भरतेशने शॉकअप-स्प्रिंगांचा एक संच आणला आणि बसवायला इस्लामपूरच्या भाऊसोकडे दिला. भाऊसो उसाच्या ट्रॉल्यांची कामं करणारा. आमच्या भागात गाडीच्या स्प्रिंगेचा अर्थ एकच, तो म्हणजे वजन. त्याने आम्ही आणलेल्या स्प्रिंगा बघितल्या, त्या त्याला किरकोळ वाटल्या, आणि न विचारता आपल्या पदरच्या जाड स्प्रिंगा बसवून दिल्या. दोन टन ऊस भरला तरी गाडी बसणार नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. गाडी बसत नव्हती हे खरं. ती रस्त्यावरसुद्धा फारशी टेकत नव्हती. आष्ट्यापर्यंत येईतो माझी कवळी खिशात काढून ठेवावी लागली.

भरतेश माघारी गेला आणि त्याने भाऊसोला आपल्याच स्प्रिंगा बसवायला लावल्या. भाऊसो म्हणाला, जाड राहू द्या, त्या फुकट, वर तुमच्याही घेऊन जा. भरतेश म्हणाला, फुकट असली तरी वस्तूच. ते वाक्य मी गावात सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

जानेवारीत शर्यतीच्या दिवशी वहिनी एसटीने आल्या. मंगल कार्यालयाच्या पाटीखाली सावलीला बसल्या. मी दुपारी डबा पुढे केला तर भूक नाही म्हणाल्या.

पहिल्या फेरीत भरतेश बगीच्यात गेला नाही. वळण घेऊन तसाच पुढे निघून गेला. बाभळीपाशी दोर घेऊन उभा असलेला वीरधवल तसाच उभा राहिला. जलतरण तलावही पार पडला. शेवटची सोडून सगळ्या फेऱ्या झाल्यावर वीरधवल पहिला, आणि त्याच्या अगदी मागे, चुटकी वाजवावी एवढ्या फरकाने भरतेश. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा करत आलो, पण त्या क्षणी तो जिंकावा असं मला फार वाटलं.

दोघांची शेवटची फेरी राहिली होती. तेवढ्यात वीरधवलच आमच्याकडे आला. हातात कापडात गुंडाळलेला कार्बोरेटर.

"गड्या, वळनाला तू माज्याफुडं हायस. सरळ रस्त्याला तुजी गाडी दमतीया. ह्यो माज्याकडं जादा हाय, अर्ध्या तासात बसतोय. घे. बराबरीची हुंदे की."

मी पाना घेऊन बॉनेट उघडलंसुद्धा. भरतेश कार्बोरेटरकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पेठ नाक्यावर पाहिलेलं आहे, ते हेच तोंड. मग त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठून जवळ आल्या.

"लावा की," त्या म्हणाल्या. "मी काय कुनाला सांगत न्हाई."

भरतेशने बॉनेट खाली घेतलं. "तू न्हाई सांगनार. पर मला ठावं असंल की." वीरधवलचा हात हातात घेऊन त्याने तो कार्बोरेटर परत त्याच्याकडे दिला.

तो हरला. वळणांवर मिळवलं ते सगळं सरळ रस्त्याने खाल्लं. गाडीतून उतरला तेव्हा चेहरा पडलेला नव्हता. घाम पुसत तो बायकोपाशी गेला आणि म्हणाला, दुसऱ्या नंबरचं बक्षीस आहे, पुढारी आले की मिळेल. पुढारी निघाले आहेत, असं दुपारपासून सांगत होते.

वहिनींनी उन्हाकडे बघितलं. "थांबायचं आसंल तर थांबा. पर मला भूक लागलीया. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

का, म्हणून त्याने विचारलं. वहिनींनी पदर सारखा केला.

"तुमी नियम मोडनारच, म्हनून त्येचा उपास मीच धरला हुता. आता मोडलाच न्हाई, तर जेवायला हरकत न्हाई."

हातातला पाना कुठे ठेवावा ते मला सुचेना. 'लावा की' म्हणताना त्यांनी भरपाई आधीच करून ठेवली होती, उपाशी पोटी, पाटीखाली बसून.

आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि वहिनी तर मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. माझा डबा संपला होता, आणि माळावर खायला होता तो फक्त बटाट्याचा वडा, तो वहिनी खात नाहीत. सूर्य खाली आला होता. एसटीने उजेडात पोचणं शक्य नव्हतं. भरतेशने पुढचं दार उघडलं आणि वहिनी, सीट काढल्यापासून पहिल्यांदाच, त्या गाडीत बसल्या. मी मागे द्राक्षांच्या उलट्या क्रेटवर.

साखर कारखाने चालू, रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या. काटा ऐंशीच्या वर गेला नाही, कारण इंजिनात तेवढंच होतं. पण आष्ट्याच्या अलीकडची वळणं त्याने अशी काढली, की पाय ब्रेकवर गेलेला मला दिसला नाही. वहिनी दरवाजाचं कडं धरून समोर बघत होत्या. एका वळणानंतर त्यांनी कडं सोडलं.

"आनखी जरा चालवा," त्या म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा पाण्याच्या टाकीवर ऊन होतं. भरतेशच्या म्हाताऱ्या आईने भाकरी करून ठेवलेलीच होती. वहिनी हातपाय धुऊन पाटावर बसल्या आणि भरतेश त्यांच्यासमोर उकिडवा बसला, गाडीची किल्ली मुठीत धरून.

त्यांची अर्धी भाकरी झाली तेव्हा म्हणाला, "पुढच्या चातुर्मासात नियम तू घे, ह्योच की, माज्यासाठी उपास धरायचा न्हाई."

वहिनींनी आमटीची वाटी पुढे ओढली. "घेते," त्या म्हणाल्या. "पर टिकंल असं वाटत न्हाई."