शुक्रवारी व्याज थांबत नाही

आमच्या घरातून शुक्रवारी पैसे बाहेर जात नसत. मंगळवारीही नाही, आणि दिवा लागल्यावर तर कुठल्याच दिवशी नाही. लक्ष्मी उंबरा ओलांडून जाते म्हणून. तंजावुरात आमच्या गल्लीत हा नियम सगळेच पाळायचे, वाणीसुद्धा. शुक्रवारी उधारी मागायला कोणी येतच नसे, त्यामुळे नियम पाळणं फार अवघड नव्हतं.

मग नव्या आर्थिक धोरणाबरोबर क्रेडिट कार्ड आलं. माझे वडील, अप्पा, जवळच्या ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे टाय बांधलेला एक तरुण भर उन्हात आला आणि सगळ्यांचे अर्ज भरून घेऊन गेला. व्याजाबद्दल तो जरा हळू आवाजात बोलला म्हणे. अप्पांनी त्या कार्डावर माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, कॉम्प्युटर कोर्सची पहिल्या वर्षाची फी भरली. थोडं थोडं फेडू म्हणाले. बँकेलाही तेच हवं होतं.

पगार महिनाअखेरीला व्हायचा आणि कार्डाचे पैसे भरायची शेवटची तारीख त्याला लागूनच असायची. एकदा पगार गुरुवारी झाला. अप्पा बसने घरी पोचले तेव्हा देवापाशी दिवा लागला होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. चेक म्हणजे पैसे की नुसता कागद, यावर घरात बराच खल झाला. सही केली की त्यात लक्ष्मी येते, असा निकाल अप्पांनी दिला. चेक शनिवारी गेला. बँकेने दंड लावला, दंडावर व्याज लावलं आणि तुमचा व्याजदर वाढवत आहोत असं नम्रपणे कळवलं. पुढे एका मंगळवारी हेच पुन्हा झालं. त्यानंतर तर सगळ्याच ग्राहकांचा दर वाढला. अप्पांना त्यात थोडा दिलासा वाटला.

त्यांनी एसटीडी बूथवरून बँकेच्या मद्रासच्या ऑफिसला फोन लावला आणि शुक्रवारची अडचण सविस्तर सांगितली.

“आमच्या घरीही देत नाहीत, सार,” पलीकडची मुलगी तमिळमध्ये म्हणाली. “पण कॉम्प्युटरला कसं सांगणार?”

आता कार्डाचं देणं भागवायला अक्काच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी कपाटात ठेवलेल्या पैशांना हात लावायची वेळ आली. “पुढल्या वर्षीं पाहूं,” अप्पा तिला म्हणाले. आमच्याकडे मुलीचं शिक्षण पुढल्या वर्षावर गेलं की त्याआधी स्थळ येतं. मला संताप आला, बँकेचा कमी आणि अप्पांचा जास्त.

त्या महिन्यात शेवटची तारीख पुन्हा शुक्रवारीच आली. नेमकी तेव्हाच आईला गल्लीतल्या बायकांची भिशी लागली होती. तिने ते सगळे पैसे पिशवीत घातले आणि पायांत चपला सरकवल्या. बँकेत जाऊन कार्डाची पुरती बाकी फेडायची, असं तिने ठरवलं होतं.

“आज शुक्रवार कीं,” अप्पा खुर्चीतून म्हणाले. “उद्यां जा.”

“उद्यां म्हणजे आणखीन दंड.”

“पण लक्ष्मी...”

“ती दर महिन्याला मद्रासला जाते कीं हो. तुम्ही दार कोणासाठीं लावून बसलांत?”

अप्पांचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांचा माझा राग तिथेच विरला. या माणसाने आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नव्हता. आणि त्यालाच आता थकबाकीदार म्हणत होते.

“मीही येतें,” अक्का म्हणाली. “येतांना फी भरूं.”

अप्पा उठले, कपाट उघडलं, फीचे पैसे काढले आणि शुक्रवारी, आपल्या हाताने, अक्काच्या हातावर ठेवले.

“पावती घे,” एवढंच म्हणाले.