पाचवीचा कागद

मी बाळंतिणींच्या मनाची डॉक्टर आहे, असं माझी आई शेजारणींना सांगते. डॉक्टर वगैरे काही नाही मी, समुपदेशक आहे. संभाजीनगरात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात लसीच्या दिवशी बसते आणि बाळाला घेऊन आलेल्या बायांना बाळाचं सोडून त्यांचं स्वतःचं विचारते. झोप लागते का, रडू येतं का, बाळाला जवळ घ्यावंसं वाटतं का. हे विचारायचा कुणी पगार देतं, याचंच त्यांना हसू येतं.

त्या दिवशी पाचोडकडच्या मायलेकी आल्या. लेक फुलंब्रीला दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सव्वा महिना संपल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. कानाला घट्ट बांधलेला रुमाल, मांडीवर पोरगी. प्रत्येक प्रश्नाला तिचं एकच उत्तर. झोप? "बरीय." जेवण? "बरंय." बाहेर वीस जणी ताटकळलेल्या, माझं डोकं उठलेलं. मी फॉर्मवर 'ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. खोटं कशाला बोलू, एक तरी सुटली बाई, असंच वाटलं.

पोरगी रडायला लागली म्हणून लेक तिला पाजायला बाहेर गेली. तिची आई मात्र मागं राहिली. त्या मावशींनी दार लोटून घेतलं, कमरेची पिशवी सोडली आणि लाल फडक्यात बांधलेला एक कागद काढला.

"मॅडम, तुम्ही लई शिकलेल्या. एवढं वाचून दावा. सटवाईनं लिव्हलंय."

"काय?"

"पाचवी पुजली ना आम्ही. पाटा-वरवंटा मांडला, सटवाईनं पोरीचं नशीब लिव्हावं म्हणून कोरा कागद अन् पेन ठिवला. सकाळी उठून बघते तर कागद भरलेला! आमच्यात कधी असं झालं नाय. लेकीला इचारलं, तर म्हणली, मला नाय वाचता येत देवाचं. मग देव्हाऱ्यात ठिवला. रोज हळदीकुंकू वाहते, पाया पडते. घरातल्या बाप्यांना सांगितलंच नाय, हसतील मेले."

हसू तर मलाही आलं होतं. पाचवीचा कागद कोराच राहतो. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यावर किराण्याची यादी केली होती.

कुंकवानं लाल झालेली घडी मी उलगडली. निळी शाई, शाळेतल्या वहीसारखं नीट अक्षर.

'सटवाई आई, लिहायचंच असेल तर बाळाच्या कपाळी दुसरी आई लिही. माझ्यानं होत नाही. तिला चांगली आई दे आणि मला घेऊन जा.'

अगं आई गं! पुन्हा वाचलं, तरी तेच. समोर मावशी पदर सावरून बसलेल्या, चेहरा कसा फुललेला.

"चांगलं हाय ना, मॅडम?"

कागद मुठीत धरून मी बाहेर पळाले. बाकावर दुसऱ्याच एका बाईच्या मांडीवर ती पोरगी झोपली होती.

"हिची आई कुठंय?"

"पाणी पिऊन येते म्हणली. बराच वेळ झाला."

पाण्याच्या फिल्टरपाशी कुणी नव्हतं. बाथरूमचं दार उघडं होतं. जिना मी कसा चढले देव जाणे. गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि त्या दाराला टेकून, सगळ्यात वरच्या पायरीवर ती बसली होती. माझ्या मुठीतल्या कागदाकडं तिनं बघितलं.

"वाचलं तुम्ही?"

"वाचलं."

"दीड महिना झाला. आई रोज पाया पडती त्याच्या. मी बघत बसती. वाटायचं, आज तरी कुणाला वाचायला दील."

"अगं, मग मी विचारत होते तेव्हा का नाही बोललीस?" भीतीनं मी चिडलेच तिच्यावर.

"तुम्ही वर बघितलंच नाय, मॅडम."

थोबाडीत बसल्यासारखी मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिचा हात हातात घेतला. त्याच दुपारी मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं, औषधं सुरू झाली. बरी व्हायला वर्ष गेलं, पण झाली. त्याआधी मात्र आईला सांगायचं होतं. मी सांगू का, म्हणून विचारलं, तर तिनं नकाराची मान हलवली.

"मीच वाचते."

खाली येऊन माझ्या खोलीत तिनं कागद धरला. देवाचं वाचन म्हणून मावशींनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, डोळे मिटले. लेक हळूहळू वाचत गेली. 'दुसरी आई लिही' म्हणताना तिला रडू फुटलं. त्या रडण्यावरून मावशींना समजलं. जोडलेले हात सुटले. आधी लेकीकडं, मग कागदाकडं, पुन्हा लेकीकडं बघत राहिल्या.

"तू लिव्हलंस?"

लेकीनं होकाराची मान हलवली.

मावशींनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि असा हंबरडा फोडला की बाहेरच्या बाया दाराशी आल्या.

"मला वाचता येत नाय गं माय! पर ऐकू येतंय की!"