पयले आंगठी काढा

‘पयले आंगठी काढा.’

गाडीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी हे सांगे. नमस्कार, गाडी कोणती, काम काय, हे सगळं नंतर. एकदा नुकताच साखरपुडा झालेला एक तरुण बोनेटवर हात फिरवत उभा होता. अंगठी काढायला तयार होईना.

‘साखरपुड्याची आहे, काका.’

‘असन ना. नवरीले चालते, गाडीले चालत नाई. काढा.’

गोंदिया शहर संपता संपता, फुलचूरच्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. डेंटिंग-पेंटिंग. मी एका दैनिकाच्या गोंदिया कार्यालयात बातमीदार होतो. घर जवळच, म्हणून बरीच वर्षं जाता-येता त्याला पाहिलं. तो शांतपणे बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, जो दिवसभर कोणावर तरी रागावलेला असतो आणि तरीही लोक त्याच्याकडेच जातात.

दसऱ्यानंतरचा आठवडा हा त्याच्या रागाचा हंगाम. बोनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलेल्या, वर आरतीचं ताट ठेवलेल्या गाड्या येत. ताटाच्या बुडाचा गोल ओरखडा ठरलेला.

‘देवाले काच नाई दिसत का जी? काचेवर काढा ना स्वस्तिक. अन् ताट हातात धरा. हात कायले देल्ले हायेत?’

रंगवलेली गाडी तो उन्हातच ताब्यात देई, सकाळी अकराच्या पुढे. ढग असले तर ग्राहकाने उद्या यायचं. ‘सावलीत सगळ्याच गाड्या नव्या,’ हे त्याचं कारण. ग्राहकाला गाडीभोवती फिरवून तो स्वतःच्याच कामातला दोष दाखवे, आणि ग्राहकाला तो दिसला नाही तर ग्राहकावरच चिडे.

शेडच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर त्याने एक जुनं काळं बोनेट टांगलं होतं. त्यावर चार पट्टे. पहिल्यावर नुसतं मेण, दुसऱ्यावर साधं क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तिसऱ्यावर ओरखडे कमी पडतात म्हणतात ते क्लिअर कोट, चौथ्यावर शोरूमवाले विकतात ते महागडं सिरॅमिक कोटिंग. शेजारी खिळ्याला दोरीने एक किल्ली बांधलेली. दोन उन्हाळे, दोन पावसाळे ते बोनेट तिथे होतं. जवळच्या राईस मिलच्या भुशाची राख त्यावर रोज बसे. ‘दिसते राख, हाये कानस,’ तो म्हणे. कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर बारीक रेघा उठतात.

चौथ्या पट्ट्याबद्दल तो अन्याय करत नसे. चमक सर्वांत जास्त त्याचीच टिकली होती. पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळत, चिखल लवकर सुटे, फडक्याच्या रेघा कमी होत्या. मग तो किल्ली हातात देई. ‘घासा.’ चारही पट्ट्यांवर ओरखडा उठे.

‘चांगला माल हाये. पन किल्ली, बाभळीचा काटा अन् बकरीचं खूर, याच्यापुढं कोनी टिकत नाई. जो टिकते म्हनन, त्याले इथं घेऊन या.’

बोनेटखाली त्याने आमच्या दैनिकाचं एक कात्रण चिकटवलं होतं. एका शोरूमच्या कोटिंगची जाहिरात, बातमीसारखी छापलेली. ‘ओरखड्यांची चिंता कायमची विसरा.’ ‘कायमची’ या शब्दाखाली लाल रेघ.

‘हे कोनं लिवलं?’

‘जाहिरात आहे ती. आमचा वेगळा विभाग आहे.’

‘पेपर तुमचाच ना?’

‘हो.’

‘मंग तुमीच लिवलं.’

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी ‘पेपरवाले’ झालो.

शेडसमोरच्या कॉलनीत एक बाई पाच घरच्या गाड्या धूत असे. बुटकी, चाळिशीची. तिला एकदा राखेने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसताना पाहून हा शेडमधून ओरडत बाहेर आला होता. तीही गप्प बसणारी नव्हती. ‘मंग पानी तुमी आनून द्या!’ याने पाणी दिलं नाही, दोन बादल्या दिल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं पिळायला साधं. आधी वरून पाणी ओतायचं, मग हात लावायचा. ओल्या फडक्याने सरळ पुसायचं, गोल नाही. आठ दिवस रोज सकाळी कॉलनीच्या फाटकाशी उभा राहून तो तिच्यावर चिडत राहिला. नवव्या दिवशी गेला नाही. म्हणजे ती शिकली होती.

त्या पाच गाड्यांतली एक मोठी, उंच, काळी गाडी एका ठेकेदाराची होती. त्याने शोरूममधून कोटिंग करून घेतलं तेव्हा कॉलनीला बोलावून बोनेटवर मार्करने रेघ मारून पुसून दाखवली होती. सहा महिन्यांनी एका दुपारी त्याच बोनेटवर बारीक गोल रेघांचं जाळं दिसलं. तो शोरूमला गेला. तिथे उत्तर मिळालं: गाडी चुकीच्या पद्धतीने धुतली जाते. परत येऊन त्याने बाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत बाकीच्या चार घरांनीही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली आणि बादल्या जमिनीवर आपटल्या.

‘घ्या तुमच्या बादल्या. तुमी सांगतलं तसंच धुतलं. पाची घरं गेली माही.’

मी तेव्हा तिथे होतो, म्हणून पुढचं सांगतो ते पाहिलेलं आहे. त्याने एक बादली पाण्याने भरली, दुसरी तिच्या हातात दिली आणि भर उन्हात दोघं कॉलनीत शिरली. मी मागे. ठेकेदार बाहेर आला. शेजारचे पाचसहाजण जमले.

त्याने बोनेटवर पाणी ओतलं. पाणी थेंब न होता सपाट पसरलं. ‘कोटिंग उडालं,’ तो म्हणाला. ‘सहा महिन्यांत काऊन उडालं? कोटिंगच्या पयले मशीननं पॉलिश करतेत. पॅड खराब, हाताले घाई. रेघा पडल्या. त्या पॉलिशनं भरून टाकल्या, वरून कोटिंग चोपडलं. खालचं पॉलिश धुपलं, कोटिंग संगं गेलं. जुन्या रेघा वर आल्या.’

‘ये कैसे साबित होगा?’ ठेकेदाराने विचारलं.

त्याने शेजारच्या ओट्यावरून स्टूल आणला आणि ठेकेदाराला त्यावर चढायला लावलं. ‘टपाच्या मधात पाहा. कोनत्या रेघा हायेत?’

ठेकेदाराने पाहिलं आणि खाली उतरला. मग मी चढलो. तशाच रेघा, एका मापाच्या, एकमेकींवर चढलेल्या अर्धगोल.

‘बाई, हात लाव टपाले.’

ती गाडीला टेकून, टाचा उंच करून उभी राहिली. तिची बोटं टपाच्या कडेच्या आत वीतभर गेली आणि थांबली. टपावर ती मगाने नुसतं पाणी फेकत असे, हे सगळ्या कॉलनीने रोज पाहिलं होतं. ती तशीच ताणून उभी राहिली, कोणीतरी बोलेल म्हणून.

ठेकेदार स्टूलकडे बघत म्हणाला, ‘चलो, मान लिया. लेकिन गाडी पे हाथ तो इसी का लगता था ना?’

‘मशीनचाही लागला. मशीनले सांगा ना, उद्यापासून येऊ नको म्हनून!’

जमलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. मला वाटतं, त्या हसण्याने निकाल लावला. सगळ्या कॉलनीसमोर आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा एक बाई काढून टाकणं सोपं होतं. ठेकेदार आत गेला. जमलेले पांगले. टपाच्या मधल्या रेघा ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकीही एकाने तिला परत बोलावलं नाही.

‘छापा,’ तो मला म्हणाला. ‘पाह्यलं ना तुमी? तेवढंच छापा.’

मी लिहिलं. कोणाचंही नाव न घालता, पाहिलं तेवढंच. मजकूर वरून परत आला. ‘पुरावा अपुरा’ असा शेरा होता. टपावरचा पुरावा मी स्वतः स्टूलवर चढून पाहिला होता. तरी शेरा मान्य केला, आणि तो मजकूर पुन्हा पाठवला नाही.

‘आलं का जी?’ त्याने तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी माझी गाडी दाखवायला गेलो. हात बोनेटवर ठेवला. त्याने माझ्या अंगठीकडे पाहिलं आणि काहीच न बोलता पॉलिश पेपर घासत राहिला.

शोरूमकडून त्याच्याकडे येणारं किरकोळ काम त्या आठवड्यातच थांबलं होतं. कॉलनीतल्या गाड्याही थांबल्या. वर्षभरात शेडला कुलूप लागलं. आमगावकडे भावाच्या गावी गेला, तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो, असं ऐकलं. आमगाव रेल्वेने जवळ आहे. मी गेलेलो नाही.

मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका बातमीसाठी फुलचूरच्या मागच्या वस्तीत गेलो होतो. एका अंगणात चार विटांवर शेडमधलं ते चार पट्ट्यांचं बोनेट ठेवलेलं दिसलं. त्यावर जुनं लुगडं अंथरून ती बाई लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालत होती. आता ती राईस मिलमध्ये झाडायला जाते.

‘शेडवाला भाऊ जाताना देऊन गेला,’ ती म्हणाली. ‘म्हने, ठेव. कोनी काई बोललं तं दाखव.’

‘दाखवलं कोणाला?’

‘कोन पायले येते?’

लुगड्याबाहेर चौथा पट्टा उघडा होता. उन्हात अजून चमकत होता, किल्लीच्या ओरखड्यासकट. मी वाकून हात पुढे केला.

‘ओ पेपरवाले,’ वडीवरून नजर न काढता ती म्हणाली, ‘पयले आंगठी काढा.’