यादीत मामाचं नाव न्हाई

बायांनो, आज आमच्या घरात सैपाक झाला, पण जेवलं कुणीच न्हाई.

नातीचं लग्न तिकडं युरोपात, भूमध्य का काय समुद्रातल्या एका बारक्या बेटावर करायचं ठरलंय. माणसं न्यायची तीसच. दुपारी नातीनं सगळ्यांसमोर यादी वाचली. तिचा सख्खा मामा, माझ्या सुनेचा भाऊ, वरवंडहून आला होता, नवाकोरा पासपोर्ट खिशात घालून. यादी संपली तरी त्याचं नाव न्हाई. त्यानं कपबशी खाली ठेवली आन् चपला शोधायला लागला.

मी म्हणलं, "मंगलाष्टकं सुरू झाल्यावर तुझ्या मागं कोण उभं राहणार गं?"

"आजी, तिथं तसलं काही नसतं."

"मेकअपवाली हाय, फोटोवाले दोघं हाईत, मामाच जड झाला व्हय विमानाला? माझं नाव खोड, त्याचं लिही."

मामा दारातूनच म्हणला, "मावशी, तुम्ही न्हाई तर मी बी न्हाई."

नात उठून आत गेली. अर्धा तास झाला, नवऱ्या मुलाशी फोनवर बोलतीया. दाराला कान लावायची मला सवय न्हाई, पण आज लावलाय.

तुम्ही कुणाचं नाव खोडलं असतं? ती बाहेर यायच्या आत सांगा.