शेजारच्या कॉटवरचा मेलेला माणूस

माझ्या बाबांचं डोकं ठिकाणावर नाही असं कुणी तोंडावर म्हणालं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण तसं कुणी म्हणालंच नाही. नर्सने फाइलमध्ये एकच शब्द लिहिला, ‘कन्फ्यूज्ड’, आणि तो मी तिच्या हातातल्या कागदावर उलटा वाचला.

बाबा मिरजेहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे इथे परदेशात, मलिंगारला आले होते. आई गेल्यापासून ते तिकडे एकटे राहतात, आपली भाकरी आपण थापतात आणि त्याचा त्यांना भारी माज आहे. परतीची तारीख दहा दिवसांवर आली आणि न्यूमोनियाने गाठून इस्पितळात पोचवलं. ताप उतरला, छाती मोकळी झाली, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वयात अशा आजारात डोक्यावर परिणाम होऊ शकतो. कधी तो निघून जातो, कधी राहतो. राहिला तर बाबांना मिरजेत एकटं राहता येणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. इथे राहिले असते तर तोंडाने काही बोलले नसते, पण झुरून गेले असते.

लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या प्लँटमध्ये मी दिवसभर लोकांच्या चुका शोधते, त्यामुळे माझा आवाज तसाही वरच्या पट्टीत असतो. त्याच आवाजात मी नर्सला विचारलं, कन्फ्यूज्ड म्हणजे काय, कशावरून? बिचारीने शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली म्हणजे, ती त्यांना म्हणाली, तुमचा चष्मा प्रेसमध्ये ठेवलाय. बाबा म्हणाले, चष्म्याला कशाला इस्त्री? इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या वर्षी घरमालकीण मला म्हणाली होती की कप प्रेसमध्ये आहेत, तेव्हा मीसुद्धा खुळ्यासारखी बघत राहिले होते. हे मी नर्सला समजावलं, ती हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच.

दुसरी गोष्ट शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची. नर्सने विचारलं होतं, ‘युअर मॅन’ फार मोठ्याने रेडिओ लावतो का? इथे ‘युअर मॅन’ म्हणजे नुसतं ‘तो गृहस्थ’. आपला त्याच्याशी काडीचा संबंध नसला तरी तो आपलाच माणूस. बाबांनी उत्तर दिलं, “ही इज नॉट माय मॅन. ही इज डेड.” पहिल्या वाक्याचा खुलासा मला करता आला. दुसऱ्याचा कसा करणार?

मी कॉटचा पडदा ओढला. “बाबा, तो मेलाय वगैरे काय बोललात?”

“मेलाय की,” बाबा बिस्किट चहात बुडवत म्हणाले. “मी सोता बघितलंय. एकदा न्हाई, चारदा.”

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. नव्वदीच्या पुढचा लांबलचक म्हातारा पेन्सिल घेऊन शब्दकोडं सोडवत होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या इंग्रजीत विचारणार, मी मराठी करून सांगणार, असं ठरलं. साल कुठलं, महिना कुठला, हे गाव कुठलं, वीसपासून उलटे आकडे. बाबांनी सगळं धडाधड सांगितलं आणि वर आपणहून म्हणाले, “त्यांना इचार, मेलेल्या मानसाला कसं काय ठेवून घेतलंय हितं?”

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“ही सेज ही इज टायर्ड,” मी म्हणाले.

बाबांना तेवढं इंग्रजी कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. पुढचे दोन दिवस विचारलं तर हो, नाही, एवढंच. नर्सला वाटलं सुधारणा आहे. मला वाटलं, संपलं सगळं. आणि मी खोटं बोलले होते, ते वेगळंच टोचत होतं. त्यांना वाचवायला बोलले म्हणावं, तर त्या खोट्यामुळे डोक्याचा खरा आजारच झाकला गेला असता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना संत्रं सोलून देत होते. शेजारच्या म्हाताऱ्याची भाची आली होती. म्हातारा मला अदबीने म्हणाला, “तुमचे वडील माझ्याकडे सारखे बघत असतात. माझं काही चुकलं का?”

मी इतकी कावले होते की खरं तेच तोंडातून निसटलं. “माफ करा. त्यांना वाटतं, तुम्ही मेलेले आहात.”

भाची चमकली. म्हाताऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. “असं? कशाने मेलो?”

मी मराठीत विचारलं. बाबा मग भिंतीकडे बघत म्हणाले, “एकदा बोटीवर, इंजनाच्या खोलीत पानी शिरलं तवा. एकदा वाळवंटात, पान्याची पिशवी दुसऱ्याला दिऊन. एकदा फाशी. आन् एकदा बायकूनं जिन्यावरनं ढकललं.”

या वेळी मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. भाचीने तोंडावर हात ठेवला. म्हातारा मात्र गंभीरपणे म्हणाला, “जिन्यावरून मी पडलो नव्हतो. तेवढं त्यांनी दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं.”

मला हुंदका आला की हसू, आठवत नाही. हातातलं संत्रं तेवढं चेचलं गेलं.

तो लंडनच्या स्टुडिओतला नट होता. लढाईचे काळेपांढरे पिक्चर जोरात चालायचे त्या काळातला. नाटकातून आला, उंच होता, इमानदार दिसायचा, म्हणून हिरोचा दोस्त व्हायचा आणि हिरोला चीड यावी म्हणून मध्यंतराच्या आसपास मरायचा. पुढे ते पिक्चर निघेनासे झाले, टीव्हीवर चार-दोन वर्षं इन्स्पेक्टर झाला, मग फोन वाजायचा थांबला. बायको इथलीच होती. तिच्या गावी येऊन त्याने फुलझाडांची नर्सरी काढली आणि आयुष्यभर गुलाबाची कलमं विकली. गिऱ्हाइकांपैकी कुणी त्याला कधी ओळखलं नाही.

आणि माझे बाबा कॉलेजात असताना थिएटरवर डोअरकीपर होते. रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लागायचा, आणि जुने पिक्चर फिरून फिरून यायचे. तिकिटं फाडून झाली की दाराला टेकून बघत उभे राहायचे. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण ते काय बघायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाबा आता कॉटवर ताठ बसले होते. “इचार त्याला, एका पिक्चरमधी वाचला हुता. तराफ्यावरनं किनाऱ्याला लागला, आन् फुडं दाखवलाच न्हाई. कुटं गेला?”

मी विचारलं. म्हातारा मग म्हणाला की शेवटी धक्क्यावर उभं राहून त्याने हात हलवला होता, पण पिक्चरची लांबी कमी करायला तेवढा तुकडा कापून टाकला. “साठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही,” असं म्हणून त्याने नाक शिंकरलं.

मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्या रागावल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी फोनवर परका दुभाषी घेऊन सगळी तपासणी पुन्हा केली. मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, “ही इज ग्रँड.” या देशात ग्रँड म्हणजे नुसतं ‘ठीक’, चहाच्या कपापासून हवेपर्यंत सगळंच ग्रँड असतं, पण त्या दिवशी मी तो शब्द ऐकून कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर रडले.

दोन दिवसांनी त्यांना घरी सोडलं. गाडीकडे जाताना मी विचारलं, “बाबा, मधले दोन दिवस गप्प का होता?”

“मी पिक्चरमधलं मरन सांगत हुतो, आन् तू त्या बाईला टायर्ड म्हनालीस नव्हं. तवा वाटलं, पोरगी खोटं बोलतीया, म्हंजे माजं डोस्कं खरंच गेलं असनार. मग नुसतं त्याच्याकडं बगत पडलो. हलतोय, चा पितोय. म्हटलं, आता मिरज संपली.”

मी त्यांना सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि तिथेच उभी राहून विमान कंपनीला फोन लावला. तिकिटाची तारीख बदलून देणाऱ्या बाईने विचारलं, प्रवासी एकटे आहेत, व्हीलचेअर, सोबत, काही लागेल का? सगळं लागेल म्हणायला माझी जीभ वळवळली. मी बाबांना विचारलं.

“काय न्हाई लागत,” ते म्हणाले. “खिडकी मिळाली तर बग म्हनावं.”

मी बाईला तेवढंच सांगितलं.