बागेश्रीचा शेवट

एकच बागेश्री पंचवीस-तीस वर्षं रोज ऐकून ती संपते कशी याचा पत्ता नसलेला रसिक साऱ्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण गाण्यावाचून झोप येत नाही. आणि झोप अशी इमानी की गाणारा जरा कुठे आलापीत रमतो न रमतो तोच काका घोरायला लागायचे.

काका भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या गल्लीत राहतात आणि यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणतात. उभ्या आयुष्यात त्यांनी रात्रपाळीच केली. संध्याकाळी आठला डबा घेऊन निघायचं, सकाळी आठला केसांत, भुवयांत कापूस घेऊन परतायचं. जगाची सकाळ ती काकांची रात्र, आणि या बाबतीत त्यांनी जगाशी कधी तडजोड केली नाही. खिडकीला काळं कापड ठोकलेलं, मे महिन्यातही अंगावर चादर, आणि नऊ वाजता आलेल्या दूधवाल्याला हसतमुखाने "गुड नाइट". एकदा वज्रेश्वरीकडची सोयरी मंडळी लग्नाची पत्रिका घेऊन सकाळच्या बसने आली. साडेनऊला दार वाजवलं तर काका चादर पांघरून दारात उभे, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. "एवढ्या राती आलात? सगलं ठीक हाय ना?" पाहुणे इतके गांगरले की पत्रिका हातात कोंबून चहाही न घेता निघून गेले.

ती बागेश्रीची कॅसेट मीच दिलेली. कॉलेजात असताना रेडिओवरून भरली होती, एका बाजूला अर्ध्या तासाचं गाणं. तेव्हा मी पेटीच्या दोन परीक्षा पास झालो होतो आणि त्याची मस्ती अंगात होती. हा रात्रीचा राग आहे, सकाळी नऊला ऐकणं बरोबर नाही, असं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, माजी रात हाय ही. सूर्याची ड्युटी चुकली तर मी काय करू?" तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो आणि कॅसेट त्यांची झाली.

मागांच्या खडखडाटाने काकांचे कान निम्मे गेलेले. त्यामुळे हे मन शांत करणारं संगीत ते असं लावायचे की अख्खी गल्ली शांत व्हावी. भिंतीपलीकडे कारखान्याचा खडखडाट, अलीकडे तानपुरा, दोघेही इरेला पेटलेले. समोरचा चहावाला त्यावर घड्याळ लावायचा. गाणं थांबलं की गिऱ्हाइकांना दटावायचा, "धीरे बोलो, चाचा सो गए."

गाणं थांबवायची मावशी. काका आडवे झाले की ती टेपशेजारी तांदूळ निवडत बसायची आणि रोज तेच वाक्य म्हणायची, "तुमी झोपा, शेवट मी आयकते." अर्धवट गाणं टाकून झोपायचं म्हणजे काकांना पाळी संपायच्या आत कारखान्यातून पळाल्यासारखं वाटायचं. त्यांच्यामागे ती पाळी मावशी सांभाळायची. संध्याकाळी पाचला उठून काका चहाची बशी हातात घेत आणि विचारत, "आज शेवटाला काय झालं?" रोज तीच कॅसेट, रोज तोच प्रश्न. मावशीचा शेवट मात्र रोज नवा. आज तबलेवाला पुढे गेला, गाणारा मागे राहिला, मग एका नाक्यावर दोघं भेटले. आज गाणाऱ्याला घाई होती, बस चुकल्यासारखा भराभर गायला. आज त्याचा घसा सुकला, पाणी मागितलं. "कोनी दिलं?" काका विचारत. "मी. दुसरं कोन देनार?" मला वाटायचं, म्हातारी थट्टा करते, पण खरा शेवट तिने ऐकलेला असणार.

गेल्या वर्षी मावशी गेली. काकांच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिलं नाही, पण त्यांची झोप गेली. दोन महिन्यांनी कारखान्यातून शेठचा मला फोन आला की जॉबरचं बोट पट्ट्यात जाता जाता वाचलं, चालू मागाशी डुलकी लागली होती, असंच राहिलं तर नाइलाजाने घरी बसवावं लागेल. घरी बसलेले काका मला कल्पनेतही दिसेनात. मी कल्याणहून तडक निघालो.

काका पलंगावर बसले होते. टेप समोर. मला पाहून म्हणाले, "मास्तर, तुज्या क्याशेटीला शेवटच न्हाय." झोप येत नव्हती म्हणून हल्ली ते पूर्ण बाजू ऐकायला लागले होते. गाणारा ऐन तानेत असताना फीत संपते आणि खटकन बटण उडतं. भरताना फीत कमी पडली होती, हे मी कधीच विसरून गेलो होतो. "मंग ती मना रोज काय सांगायची?" काकांनी विचारलं. मी शहाणपणा केला, मोबाइलवर एक पूर्ण बागेश्री शोधून लावली. दोन मिनिटं ऐकून त्यांनी हात हलवला. "बंद कर. ह्याचा शेवट तिने आयकला न्हाय."

सकाळचे नऊ वाजले होते. मी फीत पुन्हा सुरुवातीला नेली, टेपशेजारी मावशीच्या जागी बसलो आणि म्हणालो, "काका, तुम्ही झोपा, शेवट मी ऐकतो."  त्यांनी चादर ओढली. आलाप संपायच्या आत ते घोरायला लागले, आणि मी तिथे बसून लहान मुलासारखा रडलो.

संध्याकाळी पाचला मी चहा गाळत होतो तेव्हा मागून प्रश्न आला. "आज शेवटाला काय झालं?"

मला खोटं बोलता येत नाही. मावशीचा हात धरणं तर दूरच. "गाणाऱ्याला ठसका लागला," मी कसंबसं म्हणालो, "पाणी मागितलं त्याने."

काकांची बशी हवेतच राहिली. "कोनी दिलं?"

"मावशीने."

"हां," ते म्हणाले आणि चहा प्यायले. "मंग बरोबर."

मला कल्याणला परतावं लागलं. आता रोज सकाळी नऊला मी त्यांना फोन लावतो. ते मोबाइल टेपशेजारी ठेवून आडवे होतात आणि मी ऑफिसला जाताना रिक्षात कानाला फोन लावून बटण उडेपर्यंत ऐकतो. रिक्षावाल्यांना मी वेडा वाटत असेन. संध्याकाळी पुन्हा फोन करून शेवट सांगतो. कधी तबलेवाला रुसतो, कधी गाणाऱ्याची बस चुकते. पाणी मात्र रोज मावशीच देते.